वाफसा नसताना चाक घालू नये



मोठा पाऊस होऊन गेला की लगेच कुणी रानात औत घालतो काय? वाफसा येईपर्यंत बैल दावणीला राहतात, ट्रॅक्टर बांधावर थांबतो. ओल्या काळ्या मातीवरून चाक फिरले की माती दबते, आणि त्या पट्ट्यातली कपाशी हंगामभर खुरटी राहते. हे आपल्याला कुणा साहेबाने येऊन शिकवावे लागले नाही.

कोल्हापूरच्या पठारांवर भर पावसात गाड्या नाचवणाऱ्यांना मात्र हे कुणीतरी सांगायची वेळ आली आहे.

पन्हाळ्याहून विशाळगडाच्या वाटेवर मसाईचे पठार आहे. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून निसटले, ते याच वाटेने, भर पावसात. आजही दर पावसाळ्यात शेकडो पोरे ही वाट पायी चालतात. पायाने पठाराचे तेवढे बिघडत नाही. बिघडते ते चाकाने. हौशी मंडळी जीपगाड्या आणि मोटारसायकली पठारावर चढवतात, चिखलात रुतवतात, बाहेर काढतात, फोटो काढून घरी जातात. याला ते 'ऑफ-रोडिंग' म्हणतात. त्यांची सुट्टी संपते. चाकोरी तिथेच राहते.

कापूस-ज्वारीवाल्याला वाटेल, त्या माळावर आहे काय? उन्हाळ्यात पाहिले तर खरेच काही दिसत नाही. खाली जांभा दगड, वर चार बोटे माती, कुठे तेवढीही नाही. पण जून उजाडला की जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठते आणि तीन-चार महिने तिथे पाणथळ तयार होते. त्या पाण्याच्या कडेला गेंद फुलतो, सीतेची आसवे फुलतात, दवबिंदू उगवतो. या मातीत नत्र नावालाच. म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू बारीक किडे धरून आपली गरज भागवतात. युरियाची गोणी कुणाकडे मागत नाहीत! दिवाळीनंतर सारे वाळते. पुढच्या वर्षाचे बी आणि कंद त्याच चार बोटे मातीत निजून राहतात. म्हणजे ती माती हीच तिथली बियाण्याची कणगी.

गाडीचे चाक तिथे दुहेरी नुकसान करते. एक तर कंद चिरडतात. दुसरे, खळग्याची कड फुटते. बांध फुटलेल्या शेतासारखे पाणी चाकोरीने निघून जाते आणि जाताना माती नेते. शेतातली माती गेली तर गाळ आणून टाकता येतो. पठारावर कुठला गाळ आणणार? सह्याद्रीतल्या दुर्मिळ कंदीलपुष्पांच्या जाती शिवाजी विद्यापीठाच्या बागेत जपल्या आहेत, ते चांगलेच झाले. पण बियाणे डब्यात राहिले म्हणजे शेत राखले, असे होत नाही.

आणि हा केवळ फुलांचा प्रश्न नाही. आपल्या कपाशीच्या पाट्यात तूर असते. तिच्या रानटी भावंडांच्या काही जाती याच सह्याद्रीच्या डोंगरांत आहेत. इक्रिसॅटने तुरीच्या संकरित वाणांसाठी वापरलेले पेशीद्रव्यातले नरवंध्यत्व रानतुरीच्या जातींतून मिळाले. आज बिनकामाचे दिसणारे झुडूप उद्या कुणाच्या कामी येईल, हे आज कुणी सांगू शकत नाही.

मसाईचे पठार २०२२ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. चांगले झाले. पण अशा वेळी पहिली काठी गुराख्याच्या पाठीत बसते, हा आपला अनुभव आहे. साताऱ्याचे कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले, गर्दी लोटली, कुंपण पडले. गर्दी माणसांची, पण गुरेही बाहेर राहिली. मग गवत माजले, फुले दबली, अशी ओरड झाली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ते कुंपण काढावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरली आणि फुलेही फुलली, हा हिशेब कुंपण घालताना कुणी मांडलाच नव्हता.

मग करायचे काय? कायद्यातच वाट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा राखीव क्षेत्राच्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. शेती आणि पशुसंवर्धन खात्यांचेही प्रतिनिधी असतात. ही खुर्ची गावाने रिकामी ठेवू नये. तिथे बसून तीन गोष्टी मागाव्यात. पावसाळ्यात पठारावर एकही गाडी नको. गाडी पायथ्याशी ठेवावी आणि वर पायी जावे. पायथ्याच्या वाहनतळाचे आणि दंडाचे पैसे गावाकडे यावेत, म्हणजे राखणही गावच करील. आणि गुरे कधी, किती चारायची, हे जाणकारांशी बोलून गावाने ठरवावे. तारेच्या कुंपणाने नव्हे.

विदर्भ-मराठवाड्यातल्या भावांनी हा कोल्हापूरचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. गायरान आणि माळ आपल्याही गावात आहेत. कागदावर त्यांचेही नाव 'पडीक' असेच आहे. जमीन पडीक म्हटली की तिच्यावर कुणीही चाक घालतो.

जिल्ह्याच्या बैठकीत याचा ठराव करा. वाफसा कशाला म्हणतात, हे या देशात शेतकऱ्याइतके कुणाला कळते?