माजी सैनिकाचे आरोग्यपत्र आणि मदात्ययाची चिकित्सा

पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावी वैद्यकी करणाऱ्याच्या रुग्णांत चार-दोन तरी निवृत्त जवान असतातच. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून, वयाच्या पस्तिशी-चाळिशीत निवृत्तिवेतन घेऊन ते गावी परततात. धानाची शेती असते, मुले शाळेत असतात, आणि दिवस मोठा असतो. यांपैकी काहींची दारू नोकरीतच सुरू झालेली असते, काहींची परतल्यावर वाढते. हा रुग्ण आपल्याकडे येतो तो अम्लपित्त, अनिद्रा, हातांचा कंप अथवा कामलेची तक्रार घेऊन. मद्याचा उल्लेख त्याची पत्नी करते, तोही बाहेर पडता पडता, हलक्या आवाजात.

अशा रुग्णाच्या खिशात बहुधा दोन कार्डे असतात. एक कँटीनचे. १९४८ साली स्थापन झालेल्या कँटीन स्टोअर्स विभागाच्या मालाबरोबर हुद्द्यानुसार ठरलेला मद्याचा मासिक कोटा या कार्डावर सवलतीच्या दरात मिळतो. दुसरे कार्ड माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘ईसीएचएस’चे. पहिल्या कार्डाचा उपयोग कसा करावा हे कोणाला शिकवावे लागत नाही. दुसऱ्या कार्डावर व्यसनाची चिकित्सा करून घ्यावी, हे मात्र रुग्णाच्या, कुटुंबाच्या आणि आपल्याही मनात क्वचितच येते. या दुसऱ्या कार्डाविषयी आपल्या व्यवसायबंधूंशी चार गोष्टी बोलाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. त्या दिवसानंतर निवृत्त होणाऱ्या निवृत्तिवेतनधारकास सदस्यत्व अनिवार्य आहे. अंशदान एकदाच भरावयाचे असते, आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तेही माफ आहे. सदस्यासोबत पत्नी, अवलंबून असलेले माता-पिता, अविवाहित व न कमावणारी मुलगी आणि पंचवीस वर्षांपर्यंतचा न कमावणारा मुलगा यांचाही समावेश होतो. या शेवटच्या नोंदीकडे लक्ष द्यावे. वडिलांनी कधी थेंबही घेतला नाही, पण मुलगा बाटलीच्या नादी लागला, अशी घरे आपल्या परिसरात कमी नाहीत. त्या मुलाचाही या कार्डावर हक्क आहे.

योजनेची रीत सरळ आहे. प्रथम पॉलिक्लिनिक, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याचे संदर्भपत्र, त्यानंतर लष्करी रुग्णालय किंवा योजनेशी संलग्न खाजगी रुग्णालय. तातडीच्या प्रसंगी संलग्न नसलेल्या रुग्णालयातही दाखल होता येते. मात्र ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. मद्य अचानक बंद केल्यावर आलेला झटका अथवा भ्रम हा असा तातडीचा प्रसंग आहे, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

परंतु रुग्ण कार्ड घेऊन जातो तेव्हा फार उशीर झालेला असतो. यकृत कठीण होऊन जलोदर झाल्यावर किंवा स्वादुपिंडाचा दाह झाल्यावर त्याला नागपूरला नेले जाते. तेथे योजना भरपूर पैसा खर्च करते, आणि व्यसन जिथल्या तिथे राहते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकीला कोणती तरी चिकित्सा मिळते. आंतररुग्ण म्हणून चिकित्सा मिळणारी व्यक्ती १८० मध्ये एक. हे आकडे सर्वसाधारण जनतेचे आहेत. कार्डधारक सैनिकाची स्थिती यापेक्षा बरी असावयास हवी होती. निदान गावपातळीवर तरी मला तसे दिसत नाही.

कारण लज्जा हे आहेच, पण त्या लज्जेला नियमांचाही आधार आहे. लष्कराच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या २००८ च्या नियमांत मद्य, तंबाखू अथवा अमली द्रव्यांच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वास भरपाई नाकारलेली होती. कारण दिले होते की या गोष्टी व्यक्तीच्या स्वतःच्या नियंत्रणातील आहेत. उलट २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतो, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावे असे सांगतो. गंमत अशी की विमा नियामकाने २०१९ मध्ये जी प्रमाणित अपवाद-कलमे ठरवून दिली, त्यांत मद्यपान व व्यसनाच्या चिकित्सेचे कलम आहेच. एकच राज्यव्यवस्था या रुग्णाला एका कागदावर रोगी म्हणते आणि दुसऱ्या कागदावर दोषी. सैनिकाने नोकरीत दुसरा कागद वाचलेला असतो. निवृत्तीनंतर पहिला त्याला कोणी दाखवत नाही.

या वादात आपल्या शास्त्राची भूमिका काय? प्रज्ञापराध हा शब्द आपलाच. धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश झाल्यावर मनुष्य अहिताचरण करतो, हे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. पण म्हणून त्यांनी मदात्ययी रुग्णाला दारातून परत पाठविले नाही. चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय संपूर्ण मदात्ययाला दिला आहे. दोषानुसार त्याचे भेद सांगितले, आणि मद्य सोडून पुन्हा एकाएकी अति प्राशन करणाऱ्याला होणारे ध्वंसक व विक्षय हे विकारही वेगळे काढून दाखविले. जो वैद्य सैनिकाला ‘तुम्हीच ओढवून घेतले’ असे सुनावतो, तो चरकाच्या नव्हे, निवृत्तिवेतनाच्या नियमाच्या भाषेत बोलत असतो. प्रज्ञापराध हा हेतू आहे. हेतू सापडला म्हणून चिकित्सा नाकारायची, तर प्रमेहाच्या किती रुग्णांना आपण औषध देऊ शकू?

आता थोडे कटू लिहितो. या योजनेतून व्यसनमुक्तीचा पैसा मिळू शकेल असे दिसताच, आयुर्वेदीय व्यसनमुक्ती केंद्रे काढून ती संलग्न करून घ्यावीत, असा विचार आपल्या काही मित्रांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. २०२२ मध्ये देशातील ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय झाल्यापासून या आशेला बळ आले आहे. माझे मत याविरुद्ध आहे, निदान आजच्या घडीला. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याचे मद्य तुटले की सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात प्रलाप, ज्वर, तीव्र कंप अशी प्राणघातक अवस्था येऊ शकते. त्या चार दिवसांत शिरेवाटे औषध, थायमिन आणि रात्रंदिवस देखरेख लागते. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी रुग्णास ठेवून घेऊ नये. शिवाय २०१७ च्या कायद्यानुसार आयुर्वेदाची संस्थाही मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि तिला नोंदणी आवश्यक आहे. त्याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील पदव्युत्तर वैद्याला मानसिक आरोग्य व्यावसायिकाचा दर्जा दिला आहे, ही आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. असे वैद्य किती तयार होतात, यावर संलग्नतेचा आग्रह अवलंबून असावा. खाटांच्या संख्येवर नव्हे.

आपले खरे काम त्या चार दिवसांच्या आधी आणि नंतर आहे. आधी, रुग्णाला पॉलिक्लिनिकपर्यंत पोहोचविणे. त्यासाठी चार ओळींचे पत्र पुरे: किती वर्षे, रोज किती, शेवटचे प्राशन केव्हा, पूर्वी झटका आला होता काय, आणि आपण कोणती औषधे देत आहोत. ‘अशक्तपणा’ असे मोघम लिहून लाज झाकू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे संदर्भ मिळावा अशी स्पष्ट विनंती करावी. नंतर, अग्नी, निद्रा आणि सत्त्व यांची दीर्घ काळजी. येथे आपल्याइतका वेळ देणारा दुसरा कोणी नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी मात्र पुढील गोष्ट जपावी. मद्य सोडलेल्या रुग्णाला झोप येत नाही म्हणून अश्वगंधारिष्ट, मन थाऱ्यावर नाही म्हणून सारस्वतारिष्ट, ही आपल्या काउंटरवरची नित्याची देवघेव आहे. भैषज्यरत्नावलीत मदात्ययासाठी सांगितलेला श्रीखंडासवही शेवटी आसवच. या सर्वांत स्वयंजनित मद्यार्क असतो. नागपूरहून आलेल्या रुग्णाच्या पिशवीत डायसल्फिरामच्या गोळ्या असतील तर हे दोन-चार चमचेही त्याला महागात पडू शकतात: चेहरा लाल होणे, वांत्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरणे. गोळी बंद केल्यावरही तिचा प्रभाव दोन आठवड्यांपर्यंत राहतो. गोळी चालू नसली तरी त्या चवीने जुनी ओढ जागी होते ती वेगळीच. चरकाने मदात्ययात मद्याचाच मात्रापूर्वक उपयोग सांगितला, हे खरे. पण तो वैद्याच्या नजरेखालचा क्रम होता, बाटली हाती देऊन घरी पाठविण्याचा नव्हे. अशा रुग्णाला चूर्ण, घृत, क्वाथ द्यावा. खर्जूरादि मंथ तर प्रत्येक घरी होण्यासारखा आहे. आणि ‘अन्नात नकळत मिसळा, दारू सुटेल’ अशी पुडी विकणे सर्वस्वी सोडावे. तीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. रुग्ण त्यावर दारू प्यायला आणि पुडीत डायसल्फिराम असले, तर त्याचा जीवही जाऊ शकतो. खप थोडा घटेल, याची मला जाणीव आहे.

योजनेच्या कक्षेबाहेर राहणाऱ्यांचाही विचार करावा लागेल. दारूपायी वारंवार शिक्षा होऊन, लाल शाईच्या नोंदी साचून, निवृत्तिवेतनास पात्र होण्यापूर्वीच घरी पाठविलेला जवान आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्यापाशी हे कार्ड नसते. ज्याचा रोग सर्वांत बळावलेला, त्यालाच लाभ नाही. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जे चार वर्षांनी परततात, त्यांनाही ना निवृत्तिवेतन ना ही योजना. अशांसाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे, नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा एवढेच मार्ग आहेत. हा क्रमांक औषधालयाच्या दर्शनी भागी लावण्यास खर्च येत नाही.

संघटनेने या विषयावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी आणि योजनेच्या नागपूर प्रादेशिक केंद्राशी पत्रव्यवहार करावा, अशी माझी सूचना आहे. दोन मागण्या पुरेत. व्यसनाची चिकित्सा आणि त्यानंतरचा पाठपुरावा योजनेत कोणत्या अटींवर मिळतो, हे प्रत्येक पॉलिक्लिनिकच्या फलकावर मराठीत लिहिले जावे. आणि नोंदणीकृत वैद्याने दिलेले पत्र तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने रुग्णाच्या कागदपत्रांत दाखल करून घ्यावे. पत्राचा मसुदा पाठविण्यास मी तयार आहे. ज्या सदस्यांकडे माजी सैनिक रुग्ण आहेत त्यांनी, नावे न देता, आपले अनुभव संपादक मंडळाकडे धाडावेत.