सन्मान हवा, पण अटीशिवाय

'टू सर, विथ लव्ह' हा १९६७ सालचा ब्रिटिश चित्रपट. गरीब वस्तीतल्या बंडखोर मुलांना माणसाळवणाऱ्या शिक्षकाची गोष्ट म्हणून तो प्रसिद्ध आहे. समाजकार्याचं शिक्षण घेताना आमच्यापुढेही तो 'आदर्श शिक्षका'चा नमुना म्हणूनच आला. किशोरींच्या गटांबरोबर काम करू लागल्यापासून मात्र त्यातला एक प्रसंग मला सतत खटकतो. मुलामुलींच्या शिबिरात हा चित्रपट दाखवण्याआधी त्या प्रसंगाबद्दल आपण आपसात बोलायला हवं, असं वाटतं.

गोष्ट थोडक्यात अशी. ब्रिटिश गियानातून आलेला मार्क थॅकरे हा कृष्णवर्णीय इंजिनिअर. नोकरी मिळत नाही म्हणून तो लंडनच्या ईस्ट एंड या कामगार भागातल्या शाळेत शिकवायला लागतो. सिडनी पॉयटिए यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे. वर्गातली मुलं शाळेच्या शेवटच्या सत्रात आहेत. ती शिवराळ बोलतात, त्रास देतात. सर सगळं सोसतात. आणि एक दिवस वर्गात कुणीतरी वापरलेला सॅनिटरी नॅपकिन पेटवतं.

इथे सरांचा तोल सुटतो. ते मुलांना बाहेर काढतात आणि मुलींना झाडतात. सभ्य बाई काही गोष्टी झाकून ठेवते, हे काम एखाद्या चवचाल बाईचंच, अशा अर्थाचं ते बोलतात. ज्या वस्तूवरून एवढा संताप, तिचं नावही घेत नाहीत. नंतर त्यांना स्वतःच्या संतापाचीच लाज वाटते. त्यातून त्यांना नवी वाट सुचते: पाठ्यपुस्तकं कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि या मुलांना प्रौढ म्हणून वागवायचं. मुलींना 'मिस' म्हणायचं, मुलांना आडनावाने हाक मारायची, आयुष्याबद्दल, लग्नाबद्दल, मृत्यूबद्दल मोकळेपणी बोलायचं.

हे मोलाचंच आहे. ज्यांना कुणी कधी आदराने हाक मारली नाही, त्यांना ती मिळाली की काय होतं, हे वस्तीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. पण मुलींच्या वाट्याला हा आदर येतो तो अट घालून. लवकरच तुम्हांला लग्नाचा विचार करायचा आहे, चवचाल मुलीशी बरा पुरुष लग्न करत नाही आणि बाहेर चढाओढ मोठी आहे, असं सर त्यांना बजावतात. मुलग्यांनी माणूस म्हणून नीट राहायचं आणि मुलींनी कुणाच्या तरी पसंतीला उतरण्यासाठी! पॅड जाळणं हा खोडसाळपणा होता, यात शंका नाही. पण ओरडा खोडीबद्दल नव्हता, पाळी चारचौघांत दिसली याबद्दल होता.

थॅकरेंना खलनायक ठरवायचं मला कारण दिसत नाही. ज्यांच्या आत्मकथनात्मक पुस्तकावर (१९५९) हा चित्रपट बेतला, ते ई. आर. ब्रेथवेट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. उच्चशिक्षित होते, तरी केवळ रंगामुळे त्यांना मनाजोगतं काम मिळालं नाही. गोऱ्यांच्या देशात काळ्या माणसाच्या सदऱ्यावर सुरकुतीही चालत नाही. टापटीप आणि सौजन्य हे त्याचं चिलखत होतं, आणि तेच त्याने आपल्या वर्गाला देऊ केलं. पण जे चिलखत त्याला अपमानापासून वाचवत होतं, ते मुलींच्या अंगावर चढलं की त्याचा बुरखा होतो.

आपल्यापैकी अनेकींना इथे महाड आठवेल. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनीही दलित स्त्रियांना स्वच्छ राहा, लुगडं नेसण्याची पद्धत बदला असं सांगितलं होतं. मग फरक काय? महाडला जी नेसण टाकायची होती ती जातीची लादलेली खूण होती. ती टाकणं हे बंड होतं, आणि मुलींना शिकवा हा आग्रह त्याला जोडलेला होता. थॅकरेंच्या वर्गातली टापटीप मात्र मुलींना आहे त्या चौकटीत नीट बसवते.

ती चौकट कोणती होती? तेव्हा इंग्लंडमध्ये पंधराव्या वर्षी शाळा सोडता येत होती. ही वयोमर्यादा सोळावर गेली १९७२ मध्ये. कामगारांच्या बहुसंख्य मुलींपुढे कारखाना, दुकान किंवा लग्न एवढंच होतं. त्याच ईस्ट एंडमध्ये १८८८ साली ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यातल्या सुमारे १४०० मुली-बायकांनी संप केला होता. चित्रपटानंतर वर्षभरातच, १९६८ मध्ये, पूर्व लंडनच्या टोकाला डॅगनहॅम इथल्या फोर्ड कारखान्यात शिलाईकाम करणाऱ्या १८७ जणी संपावर गेल्या. त्यांचं काम 'अकुशल' ठरवून मजुरी कमी दिली जात होती. त्या लढ्यामुळे १९७० चा समान वेतन कायदा लवकर आला. कामाचं कौशल्य मान्य व्हायला मात्र १९८४ उजाडलं. सरांच्या वर्गात लग्नाची चर्चा होते, कोशिंबीर कशी करायची हेही दाखवलं जातं. पण तुमच्या आज्यांनी संप केला होता, मजुरी कशी मागायची असते, हे त्या मुलींना कुणी सांगत नाही.

मैत्रिणींनो, हा प्रश्न लंडनचा आणि १९६७ चाच राहिलेला नाही. शाळांमध्ये पाळीची माहिती देताना आजही मुलग्यांना बाहेर पाठवलं जातं. पॅड कागदात, कागद काळ्या पिशवीत. 'स्वच्छता' हा शब्द आपण इतक्यांदा उच्चारतो की पाळी म्हणजे मुळात घाण, हेच मुलींच्या मनात पक्कं होतं. शौचालयात पाणी नाही, दाराला कडी नाही, पॅड टाकायला जागा नाही, याबद्दल बोलायचं राहून जातं. लाज मुलीची आणि गैरसोयही मुलीचीच!

म्हणून हा चित्रपट दाखवू नका असं मी म्हणणार नाही. जरूर दाखवा. त्या प्रसंगापाशी थांबा आणि मुलामुलींना एकत्र बसवून विचारा: सर कशावर चिडले? मुलग्यांना बाहेर का काढलं? त्या जागी तुमच्या बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? शाळेत हे टाकायला जागा आहे का? आमच्या गटांत चर्चा बहुधा शेवटच्या प्रश्नावर पेट घेते, आणि तिथून मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

चित्रपटाच्या शेवटी सर इंजिनिअरच्या नोकरीचं पत्र फाडून टाकतात आणि शाळेतच राहतात. पुढच्या वर्गातल्या मुलींनाही ते 'मिस' म्हणतील. त्या हाकेसाठी मुलींना काहीही झाकावं लागू नये, एवढं काम आपल्याकडे उरतं. तुमच्या गटात या प्रसंगावर काय चर्चा झाली, ते आम्हांला जरूर लिहून कळवा.