बर्फावरची तिफण



तिफणीला तीन फण असतात, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असते. तिन्ही फण सारखे लागले तर तिन्ही तासे सारखी उगवतात. एक फण खोल आणि दुसरा वर राहिला, तर आठ दिवसांनी रानच सगळी चहाडी करते. आता जिंतूर, सेलू, मानवतकडे पुष्कळ पेरणी ट्रॅक्टरवर होते. तरी तिफणीचा हिशेब कोणी विसरलेले नाही. आज तुम्हाला अशाच एका तिफणीची हकिगत सांगतो. ती चालली सातासमुद्रापलीकडे, बर्फावर. तिचे दोन फण सख्खे भाऊ होते आणि तिसरा परक्या घरचा.

बर्फ म्हटले की आपल्याला उन्हाळ्यातला गोळेवाला आठवतो. ज्या परभणीत मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही, तिथे बर्फावरचा खेळ काय कळणार, असे म्हणू नका. कॅनडा देशात हिवाळ्यात तळी आणि ओढे दगडासारखे गोठतात. शेते बर्फाखाली जातात आणि शेतकऱ्याला काम उरत नाही. मग शेतकऱ्यांची पोरे बुटांच्या तळाला पोलादी पाती बांधून त्या गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळतात. आपल्याकडे सुगी संपली की मोकळ्या रानात कबड्डी रंगते, तसाच हा प्रकार.

या हॉकीत चेंडू नसतो. टणक रबराची एक चकती असते, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. एका बाजूने सहा गडी उतरतात. एक गोलरक्षक, दोन बचावाचे आणि तिघे आघाडीचे. आघाडीच्या या तिघांना तिकडे 'लाइन' म्हणतात, आपण फळी म्हणू. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक मध्ये. झाली की नाही तिफण?

आता माणसे पाहू. बिल कुक हा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात तो कॅनडाच्या सैन्यातून लढला. परत आल्यावर सरकारने माजी सैनिकांना जमिनी दिल्या, त्यात यालाही सस्कॅचेवान प्रांतात जमीन मिळाली. हा प्रांत म्हणजे गव्हाचे कोठार. बिलने तिथे शेती धरली आणि १९२२ पासून हिवाळ्यात तो सस्कटून गावच्या संघाकडून पैसे घेऊन हॉकी खेळू लागला. धाकटा भाऊ फ्रेडरिक त्याच्याहून बराच लहान. सशासारखा चपळ, म्हणून त्याला सगळे 'बन' म्हणत. तोही पुढे त्याच संघात आला.

तिसरा फ्रँक बूशे. हा ऑटावा शहराचा. काही काळ कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांत शिपाई होता. नोकरी सोडायची तर पैसे भरून सुटका करून घ्यावी लागे, ती त्याने घेतली आणि व्हँकूव्हरच्या संघात गेला. तो कुक बंधूंच्या विरुद्ध खेळत असे, आणि विरुद्ध खेळणाऱ्याची किंमत खेळाडूला जितकी कळते तितकी बघ्याला कळत नाही.

१९२६ मध्ये पश्चिम कॅनडातले व्यावसायिक सामने पैशाअभावी बंद पडले. त्याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क रेंजर्स नावाचा नवा संघ उभा राहत होता. नॅशनल हॉकी लीग या स्पर्धेला तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. रेंजर्सने कुक बंधूंना घेतले. मधल्या जागेसाठी बूशेला घ्या, असे बिलने सुचवले. या ठिकाणी थोडे थांबा. नव्या ठिकाणी हक्काची जागा मिळालेला माणूस सहसा आपल्या गोतावळ्यातलाच माणूस ओढतो. बिलने कामाचा माणूस ओढला.

१६ नोव्हेंबर १९२६ ला रेंजर्सचा पहिला सामना झाला. १-० असा निकाल लागला आणि तो एकमेव गोल कप्तान बिल कुकचा होता. तेव्हा त्याने तिशी गाठली होती. त्या हंगामात ३३ गोल करून तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. दुसऱ्याच हंगामात, १९२८ मध्ये, संघ स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत गेला. दुसऱ्या सामन्यात चकती डोळ्याला लागून गोलरक्षक जायबंदी झाला. बदली माणूस नव्हता. तेव्हा ४४ वर्षांचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतः गोलमध्ये उभे राहिले! त्या दिवशी रेंजर्स २-१ असे जिंकले. पहिला गोल बिलचा आणि जादा वेळेतला दुसरा बूशेचा. पुढे कपही त्यांनीच नेला.

यांचे खेळणे कसे होते? १९२९ पर्यंत त्या खेळात असा नियम होता की समोरच्या गोलाजवळच्या पट्ट्यात चकती पुढे ढकलून देता येत नसे. द्यायची तर बाजूला किंवा मागे. म्हणजे आपल्या सोबत्याचे पाऊल मागे न बघता ओळखता आले पाहिजे. हे तिघे त्यात तरबेज होते. एकाने धावत जायचे, समोरचे दोघे अंगावर आले की चकती तिथेच मागे सोडून द्यायची आणि आपण पुढे निघून जायचे. मागून येणारा सोबती ती उचलतो आणि समोरचे रिकाम्या माणसामागे धावत राहतात. ही युक्ती बनची म्हणून सांगतात. तिच्यात चकती सोडणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. गोल दुसऱ्याचा होतो. तरी त्याने ती सोडायची असते.

या फळीला न्यूयॉर्ककरांनी नाव दिले 'ब्रेड लाइन'. १९२९ नंतर अमेरिकेत भयंकर मंदी आली. कारखाने बंद पडले, आणि फुकट पाव मिळावा म्हणून कामकरी माणसे रस्त्यावर रांगा लावून उभी राहू लागली. त्या रांगेचे हे नाव. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेली आणि लाल मिलोसाठी रेशनच्या दुकानापुढे उभी राहिलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांना हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. अशा हलाखीच्या दिवसांत, १३ एप्रिल १९३३ ला, जादा वेळेत बिल कुकने एकमेव गोल केला आणि रेंजर्सने दुसऱ्यांदा कप जिंकला.

आता या खेळातली एक रीत मुद्दाम सांगतो. तिथे गोल करणाऱ्याच्या नावावर एक गुण मांडतात आणि ज्याने चकती दिली त्याच्याही नावावर एक गुण मांडतात. देणाऱ्याचा गुण करणाऱ्याइतकाच. बूशे तीन वेळा देणाऱ्यांच्या यादीत साऱ्या लीगमध्ये पहिला आला. सभ्य खेळासाठी असलेला लेडी बिंग चषक त्याने आठ हंगामांत सात वेळा मिळवला. शेवटी तो चषक त्यालाच कायमचा देऊन टाकला आणि स्पर्धेसाठी नवा केला. कारण त्या खेळात जो आडदांडपणा करतो त्याला दोन मिनिटे बाहेर बसवतात, आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. घरातला एक माणूस रुसून पारावर जाऊन बसला की बाकीच्यांचे जे होते, तेच.

नेमक्या याच वर्षांत आपल्या देशातही दोन भाऊ हॉकीचे मैदान गाजवत होते, ते गवतावर. ध्यानचंद आणि रूपसिंह, झाशीचे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ गोल चढवले. त्यात धाकट्या रूपसिंहांचे १० आणि थोरल्या ध्यानचंदांचे ८. दोन सामन्यांत मिळून भारताचे ३५ गोल झाले, त्यातले २५ या दोन भावांचे. आणि त्यातही धाकट्याचा एक जास्त!

१९३६ मध्ये बर्लिनला ध्यानचंद कप्तान होते. सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ ने हरवले. फळीत एक फण कमी पडतो आहे, हे सर्वांना दिसले. तेव्हा दारा नावाच्या गड्याला मायदेशातून तातडीने बोलावून घेतले. तो विमानाने आला, उपांत्य सामन्यात उतरला, आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीला ८-१ ने लोळवले. त्या आठांत दाराचे दोन गोल होते. पुढे १९४७ ला देशाची फाळणी झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हाच दारा पाकिस्तानचा कप्तान म्हणून उतरला. वाटणी काय काय वाटून नेते, ते यावरून समजावे.

रूपसिंह ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या सैन्यात होते. त्यांच्या नावाचे मैदान त्या शहरात आहे. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा काढल्या, त्या याच मैदानावर. त्या २०० धावा आपल्या पोरांना पाठ आहेत. मैदान कोणाच्या नावाचे, हे किती जणांना सांगता येईल? तिकडे बन कुकचेही तेच झाले. खेळाच्या सन्मानमंदिरात थोरला बिल १९५२ ला गेला, बूशे १९५८ ला गेला. बनचा नंबर १९९५ ला लागला. तेव्हा त्याला मरून सात वर्षे झाली होती.

वाचकहो, हे सारे सांगण्याचे कारण तुमच्या लक्षात आले असेल. एखादे तीन भावांचे घर डोळ्यांपुढे आणा. थोरला बाजार बघतो, सोसायटीचे कर्ज बघतो. मधला रात्रीची लाईट आली की हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, आणि साप-विंचवाच्या भीतीत पहाटेपर्यंत दारे धरतो. धाकटा पुण्याला कंपनीत आहे, बियाण्याच्या वेळी पैसे पाठवतो. घरातल्या बाया खुरपणी आणि कापसाची वेचणी करतात. माल विकला की आडतीची पट्टी थोरल्याच्या नावावर निघते. गावात बोलबाला होतो, यंदा थोरल्याने बरे पिकवले. गोल त्याच्या नावावर लागला. चकती कोणी कोणी दिली, ते कोठेच मांडलेले नाही.

घरे एका दिवसात फुटत नाहीत. धुऱ्यावरून, विहिरीच्या पाळीवरून भांडण निघते ते वरवरचे. आत कित्येक वर्षे न मांडलेला गुण साचलेला असतो. माझ्या राबण्याला कोणी किंमतच देत नाही, हे मधल्याच्या मनात असते आणि त्याच्या बायकोच्या तर ओठावर असते. मग तलाठ्याकडे फेऱ्या, कोर्टात तारखा, आणि वकिलाच्या फीपायी बैलजोडीही जाते.

यावर उपाय काही अवघड नाही. घरात एक दोनशे पानी वही करा. खर्च आणि उत्पन्न तर लिहाच, पण जोडीला एक रकाना राबण्याचा ठेवा. कोणी किती रात्री दारे धरली, किती दिवस खुरपले, कोणी कधी पैसे पाठवले. बायांचे दिवसही लिहा, त्यांना वगळाल तर वही खोटी ठरेल. पट्टी आली की ती ओट्यावर सर्वांसमोर वाचा. आणि थोरल्याने चारचौघांत एक वाक्य बोलावे, की यंदाचा कापूस मधल्याच्या पाण्यावर आणि घरच्या बायांच्या खुरप्यावर आला. या वाक्याला पैसा पडत नाही.

एवढे करूनही वाटणी होणार असेल तर होऊ द्या. वाटणी म्हणजे काही पाप नाही. कुटुंबे वाढतात, चुली वेगळ्या होतात. कुक बंधूंची फळीही दहा हंगामांनंतर १९३६ ला मोडली आणि बन बोस्टनच्या संघात गेला. पण चूल वेगळी झाली म्हणून सावड मोडायचे कारण नाही. विहीर एक, ट्रॅक्टर एक, फवारणीचा पंप एक, आणि मृग बरसला की तिघांचे रान तीन दिवसांत पेरून काढायचे. प्रत्येकाने वेगळा ट्रॅक्टर काढून तीन कर्जे डोक्यावर घ्यायची, की एकात भागवायचे, हा साधा हिशेब आहे.

पेरणीच्या आधी आपण तिफण उलटी करून फण तपासतो. ढिला झाला असेल तर पाचर मारतो. तसेच एखाद्या संध्याकाळी जेवणे उरकली की घरातल्या माणसांनाही जवळ बसवा आणि कोण कुठे ढिला पडला आहे, का पडला आहे, ते विचारा. विचारताना सुरुवात मधल्यापासून करा. थोरल्याचे म्हणणे सगळ्यांना आधीच माहीत असते.