आधी पकड, मग चकाकी

लग्नपत्रिकेवरचा गणपती, सरत्या वर्षाच्या कॅलेंडरातली लक्ष्मी, भेटकार्डावरचे गुलाब. ही चित्रे रद्दीत टाकायला मन धजत नाही. मग एखाद्या निवांत दुपारी कात्री हाती येते आणि जुना ट्रे, लाकडी पेटी किंवा पत्र्याचा डबा या चित्रांनी सजू लागतो. कागदी चित्रे कापून वस्तूवर चिकटवायची आणि वरून पारदर्शक लेप देऊन पक्की करायची, या कलेला डेकूपाज असे फ्रेंच नाव आहे. काम सोपे, खर्च थोडा. पण चार महिन्यांनी पाहावे तर चित्राच्या कडा सुटलेल्या, कागद पिवळा पडलेला आणि ट्रेवर गरम कपाचे वर्तुळ उमटलेले! अशा वेळी बहुधा गोंदाची किंवा वरच्या लेपाची निवड चुकलेली असते.

ही निवड कशी करावी, हे समजून घ्यायला तंजावरच्या चित्रकारांइतके चांगले गुरू मिळणार नाहीत.

तंजावरची रीत

तमिळनाडूतले तंजावर मराठी माणसाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे स्थापलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आले आणि चित्रकारांनाही दरबाराचा आश्रय लाभला. सोनेरी प्रभावळीतला लोणी खाणारा बाळकृष्ण आपण अनेक घरांत पाहतो, तो याच तंजावर शैलीतला. २००७-०८ साली या चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

या चित्राला तमिळमध्ये ‘पलगै पडम’ म्हणतात, म्हणजे फळीवरचे चित्र. पूर्वी फणसाच्या लाकडाची फळी घेत, आता बहुधा प्लायवूड घेतात. फळीवर आधी कापड चिकटवतात. त्यासाठी पूर्वी चिंचोक्याची खळ किंवा डिंक वापरत, आता बाजारातला पांढरा गोंदही चालतो. कापडावर खडूची पूड आणि गोंद यांचा लेप देऊन पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. मग रेखाटन होते, खडे बसवले जातात, खडूच्याच दाट लगद्याने दागिने आणि कमानी उठावदार करतात, त्यावर सोन्याचा वर्ख चिकटतो आणि रंग सर्वांत शेवटी भरले जातात. पुरे झालेले चित्र काचेच्या चौकटीत जाते.

यात प्रत्येक थराचे काम वेगळे आहे. खळ किंवा गोंद पकड देतो, खडूचा लेप पृष्ठभाग सपाट करतो आणि रक्षणाचे काम काच करते. आपण घरी नेमके इथेच फसतो. एकाच डब्यातल्या गोंदाने चिकटवायचे, त्यानेच चमक आणायची आणि त्यानेच पाण्यापासून बचावही करायचा, अशी आपली अपेक्षा असते. तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: खालची तयारी, चिकटवण्याचा गोंद आणि वरचा लेप.

गोंद कोणता?

घरची मैद्याची खळ कागदाला छान धरते, स्वस्तही पडते. पण ती किड्यांना आवडते आणि दमट हवेत तिला बुरशी येते. पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, ते याच कारणासाठी. मोरचूद विषारी असल्याने मुलाबाळांच्या घरात तो प्रयोग नको. थोडे दिवस टिकायच्या सजावटीसाठी, म्हणजे गणपतीची आरास, मुलांचा शाळेतला प्रकल्प, यासाठी खळ उत्तम.

टिकाऊ कामाला सुतारकामाचा पांढरा गोंद घ्यावा. फेव्हिकॉल हे त्यातले १९५९ पासूनचे घराघरांत पोहोचलेले नाव. हा गोंद ओला असताना दुधासारखा दिसतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. तीन भाग गोंदात साधारण एक भाग पाणी मिसळून पातळ थर लावावा. पाणी जास्त झाले की कागद फुगतो, सुरकुत्या पडतात. थर जाड झाला की पांढुरकेपणा रेंगाळतो.

डेकूपाजसाठी मिळणारा तयार गोंद चिकटवायला आणि वरून लावायला, दोन्हीला चालतो. भिंतीवरच्या वस्तूला तो पुरेसा आहे. रोज पुसल्या जाणाऱ्या वस्तूला मात्र त्यावर वेगळे व्हार्निश हवेच. कारण असे बरेचसे गोंद वाळल्यावरही पाण्याने मऊ पडतात.

चकचकीत की मंद?

दुकानात चकचकीत लेपाचा नमुना मोहात पाडतो. पण विचार वस्तूचा करावा, नमुन्याचा नव्हे.

भिंतीवरचे चित्र, फोटोची चौकट: इथे बिनचमकीचा म्हणजे मॅट लेप बरा. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकत नाही आणि लहानसहान सुरकुत्या झाकल्या जातात.

ट्रे, छोटे टेबल: चकचकीत किंवा मध्यम चमकीचे पक्के व्हार्निश लावावे. ते पुसायला सोपे. मात्र चकाकीखाली प्रत्येक बुडबुडा आणि प्रत्येक उचललेली कड ठळक दिसते; म्हणून चिकटवण्यात सफाई हवी. चांगल्या व्हार्निशवरही गरम भांडे थेट ठेवू नये.

पत्र्याचे डबे: आधी तेलकटपणा धुऊन काढावा, पॉलिश पेपरने घासावे, प्रायमर लावावा, मगच चित्र. काम फक्त बाहेरून. अन्न लागेल अशा पृष्ठभागावर गोंद किंवा व्हार्निश नको.

मातीची कुंडी: पाणी आतून झिरपते आणि चित्र मागून सुटते, वरचा लेप कितीही भारी असो. अशी कुंडी कोरड्या फुलांसाठी ठेवावी. पणतीवर कागद तर लावूच नये. ज्योतीजवळ कागद म्हणजे आगीला आमंत्रण.

काचेची बशी: चित्राची दर्शनी बाजू काचेकडे करून ते मागून चिकटवावे. मग पुढून लेपाची गरजच नाही. काचच चमक आणि संरक्षण दोन्ही देते. तंजावरलाही काचेच्या मागून रंगवलेल्या चित्रांची परंपरा होती.

लेप पाण्यात मिसळणारा, अॅक्रिलिकचा घेतला तर तो वर्षानुवर्षे स्वच्छ राहतो. तेलाचे व्हार्निश कठीण होते, पण हळूहळू पिवळे पडते. पांढऱ्या, फिक्या रंगांच्या चित्रावर ते नको. चपड्याचे पॉलिश सुंदर दिसते, पण गरम कपाखाली त्यावर पांढरे डाग पडतात.

सोनेरी वर्खाची गोष्ट

चित्राभोवती सोनेरी किनार लावण्याची हौस असेल तर एक लक्षात ठेवा. खऱ्या सोन्याचा वर्ख काळवंडत नाही. म्हणून तंजावरच्या जुन्या चित्रांतले सोने आजही झळकते. हस्तकलेच्या दुकानात स्वस्तात मिळणारा सोनेरी वर्ख बहुधा तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचा, म्हणजे पितळेच्या जातीचा असतो. तो उघडा राहिला तर हवेने काळा-हिरवा पडतो. त्याला वरून लेप द्यावाच लागतो.

तंजावर चित्र विकत घेतानाही हा प्रश्न विचारावा. वर्ख सोन्याचा आहे की नकली, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. नकली वर्खाचे चित्र घेण्यात कमीपणा नाही. पण पितळेला सोन्याचा भाव का द्यावा?

चिकटवण्यापूर्वी

ज्या कागदाची दुसरी प्रत नाही, तो कधीही चिकटवू नका. आजोबांचा एकुलता एक फोटो, आजीच्या अक्षरातली लोणच्याची कृती, आईचे पहिले पत्र. एकदा गोंद आणि लेप बसला की मूळ कागद परत मिळत नाही. त्याची प्रत काढा आणि मूळ कागद कोरड्या पाकिटात जपा. प्रत लेझर छपाईची घ्यावी. शाईच्या फवाऱ्याच्या प्रिंटरवरची छपाई ओल्या गोंदाने फुटते. तीच वापरायची असेल तर आधी त्यावर पारदर्शक अॅक्रिलिक फवारा मारून वाळू द्यावा.

मग त्याच कागदाचा फालतू तुकडा, तोच गोंद, तोच लेप घेऊन फळीच्या तुकड्यावर चाचणी करावी. दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा, थोड्या वेळाने पुसावा आणि अंगठा दाबून पाहावा. चिकट लागले, पांढरे झाले किंवा रंग हाताला आला, तर निवड बदलावी. चाचणीत गेलेला एक दिवस पुढची सगळी मेहनत वाचवतो.

चित्र लावताना ते मधून कडांकडे हलक्या हाताने दाबत न्यावे, म्हणजे हवा निघून जाते. लेपाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पुरता वाळल्यावरच पुढचा घ्यावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आणि तंजावरकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने. त्या दमट दिवसांत वाळायला दुप्पट वेळ धरावा. वरून वाळलेला दिसणारा लेप आतून कच्चा असतो. म्हणून रंगवलेले ट्रे लगेच एकावर एक रचू नयेत, नाहीतर ते एकमेकांना चिकटून चित्र उपटून घेतात.

वस्तू कुठे राहणार, तिला पाणी लागणार का, ऊन लागणार का, रोज हाताळली जाणार का, हे चार प्रश्न दुकानात जाण्यापूर्वीच स्वतःला विचारा. त्यांची उत्तरे मिळाली की कोणता डबा उचलायचा हे आपोआप कळेल. तुमच्या कष्टाचे चित्रही मग लेकीसुनांच्या हाती जाईपर्यंत टिकेल.