कमी दराचे दरपत्रक

सोलापूर जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावी, कापडाच्या व्यापारात तीन पिढ्या घालविलेल्या एका कुटुंबाने जुने माळवदाचे दुकान उतरवून त्या जागी तीन मजली व्यापारी इमारत बांधण्याचे ठरविले. प्रत्येक मजला 2,400 चौरस फुटांचा. खाली साड्यांचे दालन, मधल्या मजल्यावर तयार कपडे, वर गोदाम व कचेरी. नकाशा मंजूर झाला, बँकेने कर्जाची तयारी दर्शविली आणि अक्षय तृतीयेला भूमिपूजन करावयाचे असे घरात ठरले. राहिला होता फक्त कंत्राटदार. हा 'फक्त' पुढे त्या घराला दोन महिने पुरला.

व्यापारी माणूस कापडाच्या गाठीचा भाव करताना सूत, वीण, रंग, वजन सारे पाहतो. तोच माणूस आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी, म्हणजे इमारत, घेताना कागदाच्या तळाशी लिहिलेला एकच आकडा पाहतो, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. या घरीही तसेच झाले. तीन दरपत्रके आली. पहिले 1 कोटी 34 लाखांचे, दुसरे 1 कोटी 60 लाखांचे आणि तिसरे 1 कोटी 66 लाखांचे. पहिले दरपत्रक देणारे गृहस्थ धाकट्या सूनबाईंचे मावसभाऊ होते. तालुक्यात त्यांनी बरेच बंगले बांधलेले. धाकट्या चिरंजीवांनी तर एका लग्नसमारंभात त्यांना "काम तुमचेच समजा" असे सांगूनही टाकले होते.

"दादा, सव्वीस लाखांचा फरक आहे आणि माणूस घरचा आहे. यात विचार कसला करायचा?" धाकट्यांचा प्रश्न सरळ होता.

थोरले बंधू दुकानाच्या वह्या सांभाळतात. त्यांनी उत्तर न देता तिन्ही दरपत्रके घरी नेली आणि रात्री जेवणानंतर वडिलांपुढे ठेवली. अण्णांचे वय सत्त्याहत्तर. त्यांनी चष्मा पुसून पहिले दरपत्रक शेवटच्या पानापासून वाचावयास घेतले. शेवटच्या पानावर अटी असतात.

तेथे पहिलीच ओळ होती : जीएसटी वेगळा. बांधकामाच्या अशा कंत्राटावर 18 टक्के जीएसटी लागतो. 1 कोटी 34 लाखांवर तो 24 लाख 12 हजार होतो. म्हणजे रक्कम 1 कोटी 58 लाख 12 हजारांवर गेली. उरलेली दोन्ही दरपत्रके करासहित होती. सव्वीस लाखांचा फरक 1 लाख 88 हजारांवर आला.

"पण तो कर आपण परत घेऊच की," धाकटे म्हणाले. अनेक व्यापाऱ्यांचा असा समज असतो आणि तो महागात पडतो. मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून इमारतीवरच्या कराचीही मिळेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्वतःसाठी बांधलेल्या स्थावर मालमत्तेवरील कराची वजावट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) ने रोखली आहे. इमारत भाड्याने देणाऱ्यांच्या मनात ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने आशा निर्माण झाली होती. परंतु 2025 च्या वित्त कायद्याने कलमातील शब्दच 1 जुलै 2017 पासून बदलले आणि तीही वाट बंद झाली. तेव्हा दुकानदाराच्या दृष्टीने हा कर इमारतीच्या किमतीचाच भाग होय. दरपत्रकांची तुलना करासह करावी. अन्यथा ती तुलनाच नव्हे.

दुसरी अट पायाची होती. पहिल्या दरपत्रकात खोदाई पाच फुटांपर्यंत धरलेली होती आणि पुढे लिहिले होते, "त्याखालील काम जादा, दर त्या वेळी ठरेल." सोलापूरकडील काळी माती ज्याला ठाऊक आहे त्याला या ओळीचा अर्थ सांगावयास नको. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन पायाला आधार देत नाही. पाया खाली मुरमावर न्यावा लागतो. कुटुंबाच्या सल्लागार अभियंत्यांनी जागेच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घेतले. मुरूम नऊ फुटांवर लागला. म्हणजे चार फुटांची खोदाई, तेवढी कॉलमची उंची आणि भराव यांचा दर अशा वेळी ठरणार होता, जेव्हा जागा खोदलेली, जुने दुकान पाडलेले आणि मालकाला माघार घेण्याची सोय उरलेली नसेल. दुसऱ्या व तिसऱ्या दरपत्रकांत प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर होता. खोदाई कितीही वाढली तरी घनमीटरचा दर तोच राहणार होता. खड्ड्यांना खर्च किती आला? तिन्ही मिळून दिवसभराच्या मजुरीइतका. दरपत्रके मागविण्यापूर्वीच ते घेतले असते तर अधिक बरे झाले असते, हे अभियंत्यांनीही मान्य केले.

तथापि अण्णांचे बोट ज्या ओळीवर बराच वेळ थांबले, ती हप्त्यांची ओळ होती. करारावर सही होताच 15 टक्के, जोत्यापर्यंत 20, तीन स्लॅबना प्रत्येकी 15, वीटकाम व गिलाव्याला 10 आणि शेवटी 10 टक्के. बेरीज बरोबर शंभर येते, म्हणून कोणी पुढे पाहत नाही. तिसरा स्लॅब पडेपर्यंत मालकाने 80 टक्के, म्हणजे कर सोडून 1 कोटी 7 लाख 20 हजार दिलेले असतात. इमारतीचा सांगाडा मात्र साधारणतः एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे सुमारे 67 लाखांच्या कामापोटी 1 कोटी 7 लाख दिले गेले. मधले 40 लाख 20 हजार हे मालकाने कंत्राटदाराला दिलेले बिनव्याजी, बिनतारणी कर्ज होय. कोणतीही बँक ज्या माणसाला तारणाशिवाय चाळीस लाख देणार नाही, त्याला आपला व्यापारी केवळ ओळखीवर देतो आणि त्या रकमेची नोंद कर्ज म्हणून करीतही नाही.

अशा हप्त्यांचा खरा तोटा असा की, सांगाडा उभा राहिल्यावर कंत्राटदाराला त्या जागी परत येण्याचे कारण उरत नाही. मागे उरते ते किचकट, वेळखाऊ आणि कमी मोबदल्याचे काम. फरशी, नळकाम, वीज, रंग. अनेक गावांत तीन स्लॅब पडून वर्षानुवर्षे उघड्या विटांनी उभ्या असलेल्या इमारती दिसतात. त्यामागे पैसा संपणे जितके असते, तितकेच पैसा आधी दिला जाणेही असते.

"तो फसवणार नाही, अण्णा," धाकटे पुन्हा म्हणाले.

"फसवील असे कोण म्हणतो?" अण्णा म्हणाले. "त्याचा पैसा कुठे अडकला आहे, एवढेच मला पाहायचे आहे."

पुढच्या रविवारी दोघे बंधू कंत्राटदारांची कामे पाहावयास निघाले. कोणाला न कळविता, दुपारी बारा वाजता. पूर्ण झालेली इमारत दाखविण्यास प्रत्येक जण तयार असतो. चालू असलेले काम न सांगता पाहिल्यास अधिक कळते. कालच्या स्लॅबवर पाण्याचे आळे आहे की तो कोरडा तापतो आहे, सळया जमिनीवर पडल्या आहेत की उंचावर रचल्या आहेत, सिमेंटची पोती भिंतीला टेकलेली आहेत का, मजुरांच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे का, या गोष्टींना तज्ज्ञ लागत नाही. सूनबाईंच्या मावसभावांची त्या वेळी चार कामे सुरू होती. दोन नीट चालली होती. तिसऱ्यावर फक्त राखणदार होता आणि कॉलममधून वर आलेल्या सळयांना तांबूस गंज चढला होता. चौथ्या ठिकाणचे मालक एक सराफ होते. ते म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. काम मजबूत करतो. पण शेवटच्या दहा टक्क्यांना मला चौदा महिने लागले." शिवाय त्यांची आजवरची कामे बहुतांशी बंगल्यांची होती. भारतीय मानकानुसार घराच्या मजल्यासाठी प्रति चौरस मीटर 2 किलोन्यूटन भार धरतात, किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी 4, आणि कापडाच्या गाठी रचलेल्या गोदामासाठी त्याहूनही अधिक. सळई दाट, तुळया खोल, सेंटरिंग जड. बंगल्याचा अनुभव येथे पुरा पडत नाही.

दुसऱ्या कंत्राटदाराची चौकशीही तशीच झाली. जीएसटी क्रमांकावरून त्यांची विवरणपत्रे वेळेवर भरली जातात का, हे संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. ते थोरल्यांनी पाहिले. खडीवाल्याकडे व सळईच्या दुकानदाराकडे उधारी कशी फिटते, हेही विचारले. व्यापाऱ्याला व्यापारी खरे सांगतो. तिसऱ्यांचे काम उत्तम होते, परंतु ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारे; आठवड्यातून एकदा साईटवर येऊ, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

आता घरचा प्रश्न उरला. अण्णांनी मावसभावांना चहाला बोलाविले आणि इतर दोघांना दिलेल्याच अटींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. दहा टक्के उचल, पण तेवढ्याच रकमेच्या बँक हमीवर. पुढे दरमहा झालेल्या कामाचे मोजमाप घेऊन बिल. प्रत्येक बिलातून पाच टक्के अनामत, ती काम संपल्यावर बारा महिने दोष पाहून परत. नियमाप्रमाणे टीडीएस, कंत्राटदार स्वतःच्या नावे काम करीत असल्यास 1 टक्का, भागीदारी वा कंपनी असल्यास 2 टक्के. मजुरांचा विमा. बांधकाम कामगार कल्याण उपकराचा 1 टक्का कोणाच्या खात्यातून, हे स्पष्ट.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "अण्णा, खोटे बोलत नाही. बँक हमीसाठी आज माझ्याकडे ठेव नाही. तुमच्या पहिल्या हप्त्यातून मला आधीचे एक काम पुरे करायचे होते."

दिवाणखान्यात कोणी काही बोलले नाही. धाकट्या सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. हे गृहस्थ लबाड नव्हते. एका जागेचा पैसा दुसऱ्या जागेत घालून चार कामांचे ओझे वाहत होते. परंतु ज्याला त्याची स्वतःची बँक हमी देऊ शकत नाही, त्याची हमी कापड दुकानदाराने का घ्यावी, या प्रश्नाला नात्यात उत्तर नाही. अण्णांनी त्यांचे आभार मानले. घरात पुढे पंधरा दिवस बोलणे बेताचेच होते. शब्द देऊन बसलेल्या धाकट्यांना सासुरवाडीस जाऊन तो परत घ्यावा लागला, आणि ते काम त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी करू नये, असा अण्णांचा आग्रह होता.

काम दुसऱ्या कंत्राटदाराला मिळाले. करारात सिमेंट व सळईचे मूळ दर लिहून घेतले. भाव वाढल्यास फरक मालकाने द्यावा आणि उतरल्यास कंत्राटदाराने, असे ठरले. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा असे दुहेरी कलम नसलेल्या किती मालकांना त्याचा लाभ मिळाला असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. अग्निशमन यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून बसवून घेणे आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी लागणारे दाखले मिळविणे हेही कंत्राटदाराच्या कामातच घातले. शेवटचे बिल त्या प्रमाणपत्राशी बांधले.

मृगाचा पाऊस येण्यापूर्वी पाया जोत्यापर्यंत आला. पहिला स्लॅब पावसाळ्यानंतर पडला. त्या काँक्रीटचे नियमानुसार चार नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे, घेतले होते. एम 25 प्रतीच्या काँक्रीटने 28 दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर 25 न्यूटन भार सोसावा लागतो. तीन नमुने उत्तम निघाले. चौथ्याची सरासरी 20.6 आली. चौकशीत साईटवरील पर्यवेक्षकाने कबूल केले की, ते तीन ठोकळे पाण्याच्या टाकीत न जाता दोन दिवस उन्हात राहिले होते. तसे असेलही. परंतु ठोकळे वाळले की स्लॅब कच्चा, हे अंदाजाने ठरविता येत नाही. अभियंत्यांनी बिल रोखले आणि स्लॅबमधून तीन कोअर काढून तपासणीस पाठविले.

दिवाळी चार दिवसांवर होती. कंत्राटदार मजुरीसाठी पैसे मागत होता आणि त्याची मागणी अवाजवी नव्हती. कंत्राटदाराने मजुरांचे पैसे थकविल्यास जबाबदारी मालकापर्यंत येते. अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत तर हे तत्त्व 1923 च्या कायद्यापासून चालत आले आहे. थोरल्यांनी हजेरीपट मागविला. त्यावरून निघालेली मजुरीची रक्कम त्याच संध्याकाळी साईटवर, प्रत्येकाची सही घेऊन वाटली गेली आणि ती बिलापोटी खर्ची टाकली. उरलेले बिल अण्णांच्या मेजाच्या खणात राहिले.

कोअरचा अहवाल पाडव्यानंतर आला. मानकाप्रमाणे तिन्हींची सरासरी किमान 85 टक्के, म्हणजे 21.25 असावी लागते आणि एकही 75 टक्क्यांखाली असून चालत नाही. सरासरी 23.1 होती, सर्वांत कमी 21.9. धाकट्या चिरंजीवांनी अहवाल वाचला, खणातून बिल काढले, टीडीएस व अनामत वजा केली आणि धनादेश लिहून सहीसाठी दादांपुढे ठेवला.