‘ह्यां’चं चालणं टिकावं म्हणून

भगिनींनो, रक्तात साखर निघाली की पहिले पंधरा दिवस घरात मोठी धामधूम असते. नवे बूट येतात, पहाटेचा गजर लागतो. मग एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस लग्न निघतं, आणि बूट माळ्यावर जातात. ‘अहो, आजही गेला नाहीत?’ म्हणून आपण मागे लागतो. त्यानं चालणं वाढत नाही, चिडचिड तेवढी वाढते.

तेव्हा बोलणं कमी करा, सोय वाढवा. सकाळचं दूध, संध्याकाळची भाजी अशा रोजच्या कामाला चालणं जोडून द्या. रात्री जेवणानंतर १०-१५ मिनिटं तुम्हीही सोबत निघा. भांडी तेवढा वेळ थांबतील. जेवणानंतर चढणारी साखर चालणारे स्नायू वापरून टाकतात.

आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं हवं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. रोजचा अर्धा तास दहा-दहा मिनिटांनी भरला तरी चालेल. मात्र लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड नको, कारण व्यायामाचा गुण एक-दोन दिवसच टिकतो. चाललेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करायची, ती त्यांच्याच हातानं!

आपल्या नंदुरबार-शहाद्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. तेव्हा भल्या सकाळी किंवा रात्रीच निघावं. पावसात घरातल्या घरात फेऱ्या घालाव्यात. मिरचीच्या हंगामात पथाऱ्यांकडची वाट टाळा. खोकल्याचं निमित्त नको.

इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी लांब जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेची पुडी असू द्या. घाम, थरथर, भोवळ आली तर लगेच तीन चमचे साखर द्यावी. छातीत दुखलं तर थांबून तडक दवाखाना गाठावा. अनवाणी चालू नये, आणि रात्री तळवे पाहावेत. मधुमेहात पायाची जखम पुष्कळदा दुखतच नाही.

आणि साखर तुमच्याच रक्तात असली तर? ‘घरकामात होतंच की चालणं’ म्हणून आपण स्वतःला टाळतो. वरचे सगळे नियम तुम्हालाही तसेच लागू आहेत. त्या अर्ध्या तासासाठी कुणाची परवानगी मागू नका, सांगून निघा.