मागच्या सीटचा मान

श्रीवर्धनहून जयगडपर्यंत मोटारसायकलने जाताना सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांची मुखे आम्ही उभयतांनी फेरीबोटीने ओलांडली. त्या प्रवासात एक गोष्ट पटली. पुढे बसणाऱ्याला खड्डे दिसतात. समुद्र, सुरूची बने आणि पुढच्याचा थकवा मागे बसणाऱ्याला आधी कळतो. म्हणून कुठे थांबायचे, हे सौ. ठरवत असे.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १२९वे कलम दोघांनाही हेल्मेट घालायला सांगते. रस्त्यावर मात्र नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायकोच्या डोक्यावर पदर, हेच चित्र सर्रास दिसते. संसाररथाला दोन चाके असतात, असे लग्नात सांगणाऱ्या समाजाने दुसरे डोकेही मोजावे. सहलीला निघताना दुसरे हेल्मेट आधी घ्यावे, पेट्रोल मग भरावे.